अंतर मोजणारें यंत्र व कर्नलमधील त्याचा कारभारी

माथेरानच्या एको पॉइंटवर उभा राहून समोरच्या कड्याकडे हांक मारणारा मुलगा नकळत एक मोजमाप करीत असतो. त्याची हांक कड्यावर आपटून परत येते, आणि ती जितकी उशिरा येते तितका तो कडा दूर, हें त्यास कोणीं शिकवावें लागत नाहीं. वीस अंश सेंटिग्रेड उष्णतामानाच्या हवेंत ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४३ मीटर जातो. हांक मारल्यापासून दोन सेकंदांनीं उत्तर आलें, तर ध्वनीचा एकंदर प्रवास ६८६ मीटरांचा झाला. परंतु त्यांतील अर्धा जाण्याचा व अर्धा येण्याचा, म्हणून कडा ३४३ मीटरांवर आहे, असा हिशेब होतो. वटवाघूळ अंधारांत याच रीतीनें उडतें. डोळे निकामी झालेलीं वटवाघुळेंही अडथळे चुकवून उडतात, हें स्पालान्झानी या इटालियन शास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या अखेरीस पाहिलें होतें. परंतु त्यांचा आवाज मनुष्याच्या कानास ऐकूं येत नसल्यामुळें तें कोडें पुष्कळ काळ सुटलें नाहीं. १९३८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत ग्रिफिन व पिअर्स यांनीं तो आवाज यंत्रानें टिपला, आणि कोड्याच्या उत्तराची वाट मोकळी झाली.

वटवाघुळाची ही विद्या आज एका लहानशा पट्टीवर उतरली आहे. अंतर मोजणाऱ्या अशा साधनास सेन्सर, म्हणजे संवेदक, म्हणतात. त्यांपैकीं स्वस्त आणि म्हणून पुष्कळ प्रसार पावलेला एक सेन्सर 'एचसी-एसआर०४' या नांवानें ओळखला जातो. चष्म्याच्या दोन भिंगांप्रमाणें त्यावर दोन गोल डब्या शेजारीं शेजारीं बसविलेल्या असतात. एक बोलते व दुसरी ऐकते. त्यास तारा चार. दोन विजेच्या पुरवठ्याच्या, एक आज्ञेची आणि एक उत्तराची. सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागास मायक्रोसेकंद म्हणतात. आज्ञेच्या तारेवर निदान दहा मायक्रोसेकंद विजेचा दाब दिला कीं, बोलणारी डबी सेकंदास ४०,००० कंपनें या वेगाचे आठ ठोके सोडते. मनुष्याच्या कानाची मर्यादा सुमारें २०,००० कंपनांपाशीं संपते, म्हणून घरांतील कोणासही त्यांचा उपद्रव होत नाहीं. ठोके सुटतांच उत्तराच्या तारेवरील दाब चढतो, आणि प्रतिध्वनि परत येतांच तो उतरतो. दाब चढल्यापासून उतरेपर्यंत जो काळ लोटतो, तोच ध्वनीच्या जाण्यायेण्याचा काळ होय. दर ५८ मायक्रोसेकंदांस एक सेंटिमीटर असा याचा ढोबळ हिशेब आहे. दोन सेंटिमीटरांपासून चार मीटरांपर्यंतचें अंतर मोजण्याची या सेन्सरची शक्ति सांगितली जाते.

असल्या साधनांवर माणसें किती विसंबूं लागलीं आहेत, हें पाहण्यास लांब जावयास नको. १ जुलै २०१९ पासून भारतांत तयार होणाऱ्या नव्या मोटारगाड्यांस, गाडी मागें घेतांना अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर सक्तीचे झाले. दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत तयार होऊन २०१४ सालीं वापरांत आलेली 'स्मार्ट केन' ही अंध व्यक्तींची काठी ध्वनीच्या याच युक्तीनें पुढील अडथळा ओळखते व मुठींतील कंपनानें तो हातास कळविते. प्रत्येक ठिकाणचें यंत्र निराळें असलें, तरी प्रश्न एकच आहे. यंत्रानें सांगितलेला आकडा खरा आहे कीं नाहीं, हें त्यावर विसंबणाऱ्या माणसास कसें कळावें? या प्रश्नाचें उत्तर सेन्सरपेक्षां सेन्सरच्या पाठीमागें बसलेल्या एका लहानशा प्रोग्रामवर अधिक अवलंबून असतें. त्या प्रोग्रामाची रचना कशी असावी, हाच येथील विषय आहे.

उदाहरणादाखल शहरांतील एखाद्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याची टाकी घ्यावी. टाकीच्या झांकणास आंतल्या बाजूनें सेन्सर बसविला, तर तो खालीं पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचें अंतर मोजूं शकतो. अंतर थोडें असेल तर टाकी भरलेली, पुष्कळ असेल तर रिकामी. तळमजल्यावरील मोटर केव्हां चालवावी व केव्हां थांबवावी, हें या आंकड्यावरून ठरवितां येतें. परंतु सेन्सर स्वतः अंतर सांगत नाहीं. तो केवळ एका तारेवरचा दाब कांहीं काळ चढवून ठेवतो. तो काळ मोजण्यास कोणीतरी हातांत घड्याळ घेऊन बसावें लागतें. हें काम एखाद्या वस्तूच्या पोटांत कायमचा बसविलेला लहान संगणक करतो. अशा रचनेस एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. कपडे धुण्याच्या यंत्रांत, विजेच्या मीटरमध्यें, मोटारगाडींत असे संगणक असतात. २०१२ सालीं निघालेली 'रास्पबेरी पाय' ही पत्त्याच्या कॅटाएवढी पाटी या कामास पुष्कळ ठिकाणीं वापरली जाते, आणि तिच्यावर बहुधा लिनक्स ही संगणक-प्रणाली चालते. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें जिचा आरंभ केला, तीच ही प्रणाली.

लिनक्सच्या मध्यभागीं जो मुख्य प्रोग्राम असतो, त्यास कर्नल, म्हणजे गाभा, असें नांव आहे. कर्नल म्हणजे काय, हें जुन्या वाड्यावरून चांगलें समजतें. वाड्यांत पाहुणे पुष्कळ असतात. कोणास धान्य हवें असतें, कोणास भांडीं, कोणास एखादी खोली. परंतु कोठीच्या किल्ल्या पाहुण्यांच्या हातीं दिलेल्या नसतात; त्या कारभाऱ्याच्या कमरेस असतात. पाहुण्यानें मागावें आणि कारभाऱ्यानें द्यावें, अशी तेथली रीत. संगणकांतील सामान्य प्रोग्राम हे पाहुणे होत, आणि कर्नल हा कारभारी. स्मृतीचा कोणता भाग कोणास द्यावयाचा, कोणत्या प्रोग्रामानें किती वेळ चालावयाचें, बाहेरच्या तारांस कोणीं हात लावावयाचा, हें सर्व कर्नल ठरवितो. कर्नल चालूं असतांनाच त्यास नवें काम शिकवितां यावें, म्हणून लिनक्समध्यें मॉड्यूल नांवाची सोय आहे. मॉड्यूल म्हणजे कर्नलला मागाहून जोडावयाचा व नको तेव्हां काढून घ्यावयाचा एक तुकडा. वाड्याच्या भाषेंत सांगावयाचें तर, नव्या कामासाठीं हाताखालीं घेतलेला मदतनीस. मात्र या मदतनिसास एकच किल्ली देतां येत नाहीं; कामावर घेतला कीं सबंध जुडगाच त्याच्या हातीं जातो. हें पुढें महत्त्वाचें ठरणार आहे.

आतां प्रश्न असा कीं, टाकीचें पाणी मोजण्यासारख्या साध्या कामास एवढा अधिकार हवा कशाला? उत्तर आहे वेळेचें. सामान्य प्रोग्राम उत्तराच्या तारेकडे टक लावून बसला, तर मध्येंच कर्नल त्यास बाजूस सारून दुसऱ्या प्रोग्रामास पाळी देतो. हें अन्याय म्हणून नव्हे. सर्वांचीं कामें व्हावीं म्हणून होतें. परंतु नेमक्या त्याच वेळीं तारेवरचा दाब उतरला, तर प्रोग्रामास तें पाळी परत आल्यावर कळतें. हा उशीर एक सहस्रांश सेकंद झाला, तरी अंतरांत सुमारें सतरा सेंटिमीटरांची चूक पडते. तळहाताच्या दुप्पट रुंदीएवढी ही चूक टाकींत चालून जाईल, पण मागें येणाऱ्या गाडींत चालणार नाहीं.

कर्नलमधील मॉड्यूलास या अडचणींतून सुटण्याचा मार्ग आहे. टपालवाला केव्हां येईल म्हणून दिवसभर खिडकींत उभें राहणारा मनुष्य दुसरें कांहींच काम करूं शकत नाहीं. परंतु दारास घंटा असेल, तर तो आपल्या कामास लागतो आणि घंटा वाजतांच उठतो. संगणकांत या घंटेस इंटरप्ट म्हणतात. उत्तराच्या तारेवरचा दाब चढला कीं एकदां आणि उतरला कीं एकदां घंटा वाजावी, अशी व्यवस्था मॉड्यूल आरंभींच करून ठेवतें. घंटा वाजतांच प्रोसेसर हातचें काम थांबवून मॉड्यूलच्या एका छोट्या भागाकडे धांव घेतो, आणि तो भाग त्या क्षणाची वेळ टिपून ठेवतो. येथें उशीर होतो तो सामान्यतः कांहीं मायक्रोसेकंदांचा. एका सेंटिमीटरास ५८ मायक्रोसेकंद लागतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे तो उशीर क्षम्य ठरतो. दोन वेळांची वजाबाकी केली कीं काळ मिळाला.

घंटेला उत्तर देणाऱ्या या भागाचा पहिला नियम असा कीं, त्यानें थोडक्यांत आटपावें. तो चालूं असेपर्यंत इतरांचीं कामें खोळंबलेलीं असतात. म्हणून त्यानें तेथें बसून गुणाकार-भागाकार करूं नयेत, लांबलचक नोंदी लिहूं नयेत, आणि कशाची वाट पाहत झोपीं तर मुळींच जाऊं नये. वेळ टिपावी, उत्तरासाठीं थांबलेल्या भागास 'झालें' एवढी खूण करावी आणि निघून जावें. हिशेब करण्याचें काम त्या थांबलेल्या भागाचें आहे, आणि त्यास तें सावकाश करतां येतें. पहिल्या रास्पबेरी पायमध्यें आज्ञा पाळणारा प्रोसेसर-कोर एकच होता. अशा पाटीवर मॉड्यूल घंटेऐवजीं खिडकींत उभें राहण्याची रीत पत्करील, तर प्रत्येक मोजमापाच्या वेळीं सबंध यंत्र कांहीं सहस्रांश सेकंद ताटकळेल.

दुसरा नियम वाट पाहण्याची मर्यादा ठरविण्याचा. मुलाच्या हांकेस कडा नेहमींच उत्तर देईल, अशी खात्री नसते. समोर मऊ कापड असेल, तर तें ध्वनि पिऊन टाकतें. तिरपा गुळगुळीत पृष्ठभाग असेल, तर तो ध्वनीस दुसरीकडेच धाडतो. तार निखळली असेल, तर घंटाच वाजत नाहीं. अशा वेळीं उत्तर येईपर्यंत थांबावयाचें, असें लिहिलेलें मॉड्यूल कायमचें थांबून राहील, आणि त्याच्याकडे अंतर विचारणारा प्रोग्रामही त्याच्याबरोबर अडकेल. म्हणून अमुक काळापर्यंत वाट पाहावी आणि नंतर रिकाम्या हातानें परतावें, अशी अट मॉड्यूलमध्यें घालावीच लागते.

तिसरा नियम एका वेळीं एकाचाच. घरांतील दोन प्रोग्रामांनीं एकाच क्षणीं अंतर विचारलें, आणि मॉड्यूलनें दोघांसाठीं दोन हांका मारल्या, तर पहिलीचा प्रतिध्वनि दुसरीच्या नांवावर जमा होण्याची भीति असते. म्हणून मॉड्यूलमध्यें एक कुलूप असतें; पहिल्याचें काम पुरें होईपर्यंत दुसऱ्यास दाराबाहेर उभें राहावें लागतें. तसेंच एका मोजमापानंतर लगेच दुसरें करूं नये. भिंतींवरून फिरत राहिलेला जुना आवाज विरून जाण्यास कांहीं अवधि द्यावा लागतो; निदान साठ सहस्रांश सेकंदांचें अंतर ठेवावें, अशी या सेन्सरच्या माहितीपत्रकांत सूचना असते.

चौथा नियम निरोपाचा. मॉड्यूल काढून घेतांना त्यानें घेतलेली प्रत्येक वस्तु त्यानें परत केली पाहिजे. घंटेची व्यवस्था रद्द केली नाहीं व मॉड्यूल मात्र स्मृतींतून काढून टाकलें, तर पुढच्या घंटेस प्रोसेसर जेथें धांव घेईल तेथें आतां कोणीच नसेल; रिकाम्या जागीं पाऊल पडून सबंध संगणक कोसळूं शकतो. येथें सबंध जुडगा हातीं असण्याचा अर्थ कळतो. सामान्य प्रोग्राम चुकला, तर कर्नल त्यास बाहेर काढतो व बाकीचें घर चालूं राहतें. कर्नलमधील मॉड्यूल चुकलें, तर त्यास आवरण्यास वर कोणी उरत नाहीं. म्हणून ज्या क्रमानें वस्तु घेतल्या, त्याच्या नेमक्या उलट क्रमानें त्या परत कराव्या, आणि मॉड्यूल जितकें लहान ठेवतां येईल तितकें लहान ठेवावें, ही जाणत्यांची शिस्त आहे.

लहान ठेवावयाचें म्हणजे काय, हें उष्णतेच्या प्रश्नावरून दिसून येतें. हवा तापली कीं ध्वनि अधिक वेगानें जातो. दर अंशामागें सेकंदास सुमारें ०.६ मीटर इतकी ही वाढ असते. वीस अंशांवर ३४३ मीटर असणारा वेग नागपूरच्या उन्हाळ्यांतील चाळीस अंशांवर ३५५ मीटरांच्या घरांत जातो. मॉड्यूल मात्र वीस अंशांचाच वेग धरून चाललें, तर चार मीटरांवरील वस्तु त्यास साडेतेरा सेंटिमीटर जवळ दिसेल. मग मॉड्यूलनें उष्णतामापक वाचून दुरुस्ती करावी काय? सर्वसाधारण उत्तर असें कीं, करूं नये. लिनक्समध्यें अंतराच्या सेन्सरांसाठीं जें 'एसआरएफ०४' नांवाचें मॉड्यूल समाविष्ट आहे, तें उष्णतामान हाताशीं नसल्यामुळें वीस अंशांचा, सेकंदास ३४३.५ मीटर हा वेग गृहीत धरतें. दुरुस्ती हवी असेल तर ती कर्नलच्या बाहेर बसलेल्या प्रोग्रामानें करावी. तो चुकला तरी घर कोसळत नाहीं, आणि त्याचें गणित रोज बदललें तरी कर्नलला हात लावावा लागत नाहीं. पांच मोजमापें घेऊन मधलें तेवढें खरें मानणें, टाकीची उंची लिटरांत बदलणें, मोटर चालूं करणें, हीं सर्व कामें त्याच बाहेरच्या प्रोग्रामाचीं. कर्नलमध्यें सहसा दशांश अपूर्णांकांचें गणित करीतही नाहींत. अंतर मिलिमीटरांच्या पूर्णांकांत ठेवणें हाच तेथील परिपाठ.

मॉड्यूलच्या आवाक्याबाहेरच्या कांहीं गोष्टीही येथेंच सांगितल्या पाहिजेत. एचसी-एसआर०४ पांच व्होल्टवर चालतो आणि त्याच्या उत्तराच्या तारेवरही पांच व्होल्ट येतात. रास्पबेरी पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच सोसूं शकतात. मध्यें दोन रोधक घालून दाब कमी केला नाहीं, तर पाटीस इजा होते, आणि कितीही चांगला प्रोग्राम ती भरून काढूं शकत नाहीं. आज्ञेची तार कोणत्या पिनेस व उत्तराची कोणत्या पिनेस जोडली आहे, हेंही मॉड्यूलच्या पोटांत लिहून ठेवूं नये. लिनक्समध्यें पाटीचें वर्णन 'डिव्हाइस ट्री' नांवाच्या निराळ्या यादींत देण्याची पद्धति आहे; मॉड्यूल ती यादी वाचून आपल्या पिना शोधतें. त्यामुळें पाटी बदलली तर यादी बदलावी लागते, मॉड्यूल नव्हे. प्रकाशानें अंतर मोजणारे सेन्सरही आतां मिळतात. त्यांतील 'व्हीएल५३एल०एक्स' हा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य लेसर वापरतो. प्रकाश एका नॅनोसेकंदांत सुमारें तीस सेंटिमीटर जातो; तेवढा सूक्ष्म काळ टिपणें घंटेच्या युक्तीनें अशक्य, म्हणून तो सेन्सर आपल्याच पोटांत काळ मोजतो आणि तयार आकडा दोन तारांवरून कळवितो. तेथें मॉड्यूलचें काम घड्याळ धरण्याचें नसून निरोप आणण्याचें असतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. आकडा खरा आहे कीं नाहीं, हें कसें कळावें? याचें मर्म, प्रतिध्वनि आलाच नाहीं तर मॉड्यूल काय उत्तर देतें, यांत आहे. एचसी-एसआर०४ ची एक खोड अशी कीं, प्रतिध्वनि न मिळाल्यास तो सुमारें ३८ सहस्रांश सेकंद उत्तराच्या तारेवरचा दाब चढवून ठेवतो व मग आपोआप उतरवितो. घंटा दोन्ही वेळां वाजते, वजाबाकी होते, आणि नेहमींचा हिशेब केला तर उत्तर येतें साडेसहा मीटर! चार मीटरांपलीकडे ज्यास दिसत नाहीं, त्यानें साडेसहा मीटरांची ग्वाही दिली, असा हा प्रकार होतो. भोळें मॉड्यूल हा आकडा तसाच वर पाठवील. टाकीचा प्रोग्राम तो वाचून म्हणेल कीं, पाणी पार तळाशीं गेलें आहे; मोटर चालूं करा. टाकी वस्तुतः भरलेली असेल, तर पाणी रात्रभर गच्चीवरून वाहत राहील.

यावर कोणी सुचवील कीं, प्रतिध्वनि न आल्यास मॉड्यूलनें शून्य द्यावें. परंतु झांकणापासून शून्य अंतर म्हणजे टाकी काठोकाठ भरलेली. मग मोटर चालूं होणार नाहीं, आणि सकाळीं सगळ्या बिऱ्हाडांचे नळ कोरडे. तिसरा कोणी म्हणेल कीं, मागच्या वेळचाच आकडा पुन्हां द्यावा. हा उपाय दिसण्यास सौम्य, पण परिणामीं सर्वांत घातक आहे. शून्य किंवा साडेसहा मीटर पाहून निदान एखाद्यास शंका तरी येईल. कालचा सुरेख आकडा आज पाहून कोणासही शंका येणार नाहीं. टाकी अर्धी भरलेली आहे, असें तें यंत्र दिवसभर सांगत राहील.

योग्य रीति एकच. अंतर कळलें नाहीं, तर कळलें नाहीं असें सांगावें. लिनक्समध्यें यासाठीं ठरलेला संकेत आहे. मॉड्यूल अंतराऐवजीं एक ऋण संख्या परत करतें, आणि प्रत्येक प्रकारच्या अपयशास निराळी संख्या नेमलेली असते. वाट पाहून मुदत संपली याची एक, मिळालेलें उत्तर विश्वासार्ह नाहीं याची दुसरी. वर उल्लेखिलेलें 'एसआरएफ०४' मॉड्यूल हेंच करतें. मुदतींत घंटा वाजली नाहीं तर तें तसें कळवितें, आणि फारच मोठा काळ लागला, तर तो सेन्सरच्या कुवतीबाहेरचा म्हणून अंतर न देतां चूक झाल्याची खूण देतें. ३८ सहस्रांश सेकंदांचें तें साडेसहा मीटरांचें खोटें उत्तर मात्र या गाळणींत अडकेलच, असें नाहीं. एवढ्यावरून असेंही म्हणतां येईल कीं, ज्यास केवळ टाकी मोजावयाची आहे, त्यानें नवें मॉड्यूल लिहिण्याच्या भरीस न पडतां, अनेकांच्या नजरेखालून गेलेलें हें तयार मॉड्यूलच वापरावें. स्वतः लिहावयाचें तें शिकण्यासाठीं, किंवा आपला सेन्सर खरोखरच निराळा असेल तेव्हां.

'कळलें नाहीं' या उत्तराचा अर्थ लावण्याचें काम मात्र मॉड्यूलनें आपल्या अंगावर घेऊं नये. गाडीच्या मागें प्रतिध्वनि आला नाहीं, याचे अर्थ अनेक असूं शकतात. रस्ता खरोखर मोकळा असेल. सेन्सरवर चिखल बसला असेल. किंवा मागें जाड लोकरी कपडे घातलेलें मूल उभें असेल. यांपैकीं कोणता अर्थ खरा, हें एका तारेवरून ठरवितां येत नाहीं. म्हणून मॉड्यूलनें रस्ता मोकळा असल्याचें आश्वासन देण्याचा मोह टाळावा, आणि वरच्या प्रोग्रामानें जो अर्थ सर्वांत कमी नुकसानीचा तो धरून वागावें. टाकीच्या बाबतींत याचा अर्थ असा कीं, लागोपाठ कांहीं वेळां उत्तर मिळालें नाहीं, तर मोटर बंद करावी आणि घरांतल्या माणसास सूचना द्यावी. मग कोणीतरी शिडी चढून झांकण उघडतो, आणि सेन्सरच्या दोन डब्यांवर कोळ्यानें विणलेलें जाळें किंवा पाण्याच्या वाफेचे साचलेले थेंब त्यास दिसतात. फडक्यानें त्या पुसून झांकण पुन्हां लावलें कीं, खालीं आकडे पूर्ववत् येऊं लागतात.